‘कुणीही टाको’ची चिठ्ठी

१

लात्सी बोदनार सापडला तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा मांडीवर होता, नाडी अर्धी ओवलेली. अंगात पॉटर्सचा, आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा, खेळायचा पोशाख होता आणि मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती. रविवारची दुपार, सव्वा वाजलेला. दोन वाजता त्याला मार्लोच्या संघाला पहिला चेंडू टाकायचा होता, आणि तो बघायला मोठ्या लीगसाठी खेळाडू निवडणारा माणूस मुद्दाम आगगाडीनं आला होता.

त्याला बोलवायला घरी गेलेला एमेट रोश, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर, आधी हसला म्हणे. आज, आणि हा गाढव झोपलाय, असं त्याच्या मनात आलं. खांद्याला हात लावल्यावर त्याचं हसू गेलं.

मैदानावर ही बातमी फक्त लात्सीच्या बापाला कळवली. दोन हजार लोकांना मॅनेजरनं सांगितलं, की लात्सीला बरं नाही, आणि त्याच्या जागी डेल क्राऊचला पुढे केलं. डेल बिचारा काय टाकणार? पॉटर्स सहा-दोन असे हरले. लोकांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग मॅनेजरनं भोंग्यावरून खरं सांगितलं. तेव्हा त्याच लोकांनी टोप्या काढल्या. मी वरच्या खोपटात गुणांची वही घेऊन बसले होते. सव्वीस वर्षं आमच्या हार्लन फेरी गावच्या साप्ताहिकात बेसबॉलचं पान मी लिहिते. पानाखाली ‘व्ही. टटल’ असं येतं, व्हर्ना नाही, कारण बाईनं लिहिलेलं वाचायचं म्हटलं की आमच्या गावातल्या पुरुषांच्या घशात घास अडकतो.

बुधवारी डॉक्टर प्रीस म्हणाले, मुलाच्या रक्तात झोपेचं औषध निघालं. लात्सीनं आयुष्यात कधी झोपेचं औषध घेतलं नव्हतं. म्हणजे ते कुणीतरी दिलं होतं.

२

गुरुवारी सकाळी लात्सीचा बाप इमरे बोदनार माझ्या कचेरीत आला. टोपी काढली ती डाव्या हातानं. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सत्तावीस साली दुखऱ्या खांद्यानं त्यानं पाच सामने टाकले, आणि तो हात कायमचा गेला. त्या पाचही सामन्यांचे गुण मीच मांडले होते. तेव्हापासून तो भट्टीवर बशा भाजतो. बायको गेल्यावर घरात बाप आणि मुलगा दोघेच उरले होते.

‘‘मिस व्हर्ना,’’ तो म्हणाला, ‘‘मला फक्त नाव हवंय.’’

मी म्हटलं, नावं शोधणं शेरीफचं काम.

‘‘शेरीफला डेल सापडलाय. सापडलंय म्हटल्यावर माणूस शोधायचा थांबतो. तुम्ही सगळं लिहून ठेवता. माझ्या मुलाला कुणी मारलं, ते तुम्ही मला सांगा. आधी मला, मग गावाला.’’

मी कबूल केलं. करायला नको होतं.

शेरीफचं म्हणणं सरळ होतं. लात्सी नसेल तर चेंडू डेलच्या हातात येणार, आणि समोर मोठ्या लीगचा माणूस बसलेला. शनिवारी संध्याकाळी डेल आणि लात्सी सोड्याची एकेक बाटली प्यायले होते. एवढं गावाला पुरलं. डेलच्या आईच्या खिडकीवर दगड आला, भट्टीवर त्याच्याशेजारी कुणी डबा उघडेना.

मी डेलला भेटायला गेले तेव्हा तो खिडकीला पुठ्ठा ठोकत होता. त्यानं मला बसा म्हटलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

‘‘तुम्ही पण विचारायलाच आलात ना? मी सोडा दिला. हो, दिला. पैसेसुद्धा मीच दिले. आता मला फाशी द्या.’’

‘‘सोडा शनिवारी सातला प्यायलात,’’ मी म्हटलं, ‘‘आणि तो रविवारी सकाळी चर्चमध्ये मासला चांगला चालत गेला. मी पाहिलं त्याला. झोपेचं औषध काय पोटात जाऊन रात्रभर विचार करत बसतं?’’

तेव्हा त्यानं हातोडी खाली ठेवली. तो म्हणाला, की त्या माणसासमोर चेंडू टाकण्याचं स्वप्न त्याला दोन वर्षं पडत होतं, आणि आता तो डोळे मिटले की त्याला खुर्चीत बसलेला लात्सी दिसतो. मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. न्हावी पाचेत्तीच्या मागच्या खोलीत एक विचित्र चिठ्ठी आली होती, आणि पाचेत्ती ती कुणाला दाखवत नव्हता.

३

पाचेत्ती पुढच्या खोलीत दाढ्या करतो आणि मागच्या खोलीत पैजा घेतो. शेरीफ स्वतः पुढच्या खोलीत दाढी करवतो, त्यामुळे मागची खोली त्याला दिसत नाही.

‘‘बायकांचे केस मी कापत नाही,’’ मला बघून पाचेत्ती म्हणाला.

‘‘पुरुषांचे खिसे तर कापतोस. चिठ्ठी काढ.’’

परक्याला वाटतं, बेसबॉलची पैज संघावर लागते. ती लागते पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर. शनिवारी माझ्या पानावर ‘उद्या टाकणार’ म्हणून दोन नावं छापून येतात, आणि पाचेत्ती त्या दोन नावांवरून भाव ठरवतो. लात्सी विरुद्ध मार्लोचा ब्रॅडी म्हणजे मार्लोवर एकाला तीन. म्हणून शहाणा माणूस चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहितो. त्यांतला एक जरी मैदानात उतरला नाही, तरी पैज रद्द होते आणि पैसे परत मिळतात. दुसरी रीत म्हणजे ‘कुणीही टाको’. नावं लिहायची नाहीत, पिचर बदलला तरी पैज उभी आणि भाव जुनाच. आमच्या गावात तसं कुणी लिहीत नाही. दारू जास्त झालेले लिहितात, पण रविवारी सकाळी तेही शुद्धीवर असतात.

पाचेत्तीनं गल्ल्याखालून पाकीट काढलं. आत चाळीस डॉलर आणि साध्या कागदाची चिठ्ठी होती. ‘मार्लो जिंकणार. कुणीही टाको.’ छापल्यासारखी सुटी अक्षरं. सहीच्या जागी नुसतं एक वर्तुळ. पाचेत्तीच्या गिऱ्हाइकांची नावं नसतात, खुणा असतात. वर्तुळ ही कुणाचीच खूण नव्हती.

‘‘कधी आलं हे?’’

‘‘रविवारी मासहून येऊन दार उघडलं, साडेनऊला. दारातल्या फटीतून कुणीतरी आत टाकलेलं.’’

मी त्याच्या खुर्चीत बसले. लात्सी सामन्याला येणार नाही, हे त्या माणसाला रविवारी साडेनऊच्या आधी माहीत होतं. लात्सीला स्वतःला ते माहीत नव्हतं.

‘‘पैसे कोण घेऊन गेलं?’’

‘‘तीच तर गंमत आहे,’’ पाचेत्ती म्हणाला, पण त्याच्या तोंडावर गंमत नव्हती. ‘‘एकशे साठ होतात. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लात्सीच्या नावाच्या. सोमवारी परतीचे पैसे घ्यायला दाराबाहेर रांग लागली. एमेटसुद्धा होता रांगेत, त्यानं दहा लावलेले, नेहमीसारखे लात्सीवर. रडत होता, मीच पैसे त्याच्या खिशात घातले. आणि ह्या वर्तुळवाल्याचा पत्ता नाही. जिंकलेला माणूस पैसे न्यायला येत नाही, असं मी तीस वर्षांत पाहिलं नाही, मिस टटल.’’

म्हणजे एमेट सुटला. लात्सी येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याच्या नावावर दहा डॉलर लावणार नाही. आणि डेलही सुटला. ज्याला त्या माणसासमोर जिंकायचं आहे, तो आपण हरणार म्हणून चाळीस डॉलर कशाला लावेल? दारातून बाहेर पडता पडता मी सहज विचारलं, म्हाताऱ्या इमरेचे दोन डॉलर परत दिलेस ना? दर रविवारी तो मुलाच्या नावावर दोन डॉलर लावतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पाचेत्तीनं वस्तरा पुसता पुसता वर पाहिलं.

‘‘ह्या रविवारी त्यानं लावलेच नाहीत.’’

४

मी स्वतःलाच दटावलं. मुलाच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, बाप विसरला असेल. माणसं विसरतात. शुक्रवारभर मी तसं म्हणत राहिले.

शनिवारी डॉक्टर प्रीसनी मला बोलावलं. मोठ्या शहरातून पुरा अहवाल आला होता आणि ते चष्मा काढून डोळे चोळत बसले होते. झोपेचं औषध अगदी थोडं निघालं, ते म्हणाले, एका माणसाला एक झोप लागेल एवढंच. पण रक्तात आणखी एक औषध होतं. वेदनेवरचं, जहाल, मरणाच्या दुखण्यात देतात तसलं. कितीतरी आठवडे तो ते घेत असला पाहिजे.

‘‘दोन्हींतलं कुठलंही एक असतं, तर मुलगा संध्याकाळी डोकं धरून उठला असता, व्हर्ना. दोन्ही मिळाली आणि श्वास थांबला.’’

गावात तसलं दुखणं गेल्या वर्षी एकाच घरात झालं होतं. एमेटच्या आईला.

एमेट अंगणात कपडे वाळत घालत होता. मी फक्त ‘गोळ्या’ एवढंच म्हटलं. तो हातातल्या ओल्या सदऱ्यासकट पायरीवर बसला.

‘‘जूनपासून त्याचा चेंडू माझ्या हाताला लागेनासा झाला,’’ तो म्हणाला. ‘‘आधी प्रत्येक सामन्यानंतर माझा तळवा सुजायचा. मग सुजेना. मी विचारलं तर म्हणाला, खांद्यात सुऱ्या खुपसल्यासारखं होतं, पण तो माणूस येऊन जाईपर्यंत कुणाला सांगू नकोस. विशेष करून बाबांना. त्यांच्या खांद्याचं झालं तेच माझं झालं असं कळलं, तर ते मोडून पडतील म्हणाला. आईच्या गोळ्या उरल्या होत्या. मी दिल्या. मला वाटलं, मी मित्राचं काम करतोय.’’

मी त्याला दोष दिला नाही. शिक्षा करायला तो स्वतः होताच. पण झोपेचं औषध त्यानं दिलेलं नव्हतं, आणि ते कुणाच्या हातचं हे अजून मला म्हणायचं नव्हतं.

५

लात्सीवर मला पानभर लिहायचं होतं. त्याचे आकडे हवेत म्हणून मी इमरेकडे त्याच्या गुणवह्या मागितल्या होत्या, आणि त्यानं काही न विचारता सगळ्या बांधून पाठवल्या होत्या. शनिवारी दुपारी मी गाठोडं सोडलं.

मुलगा चौदा वर्षांचा असल्यापासूनचा प्रत्येक चेंडू त्या वह्यांत होता. इमरेची रीत मला ठाऊक होती. शनिवारी तो माझ्याकडून दोन्ही संघांची नावं घेऊन जायचा, रविवारी नाश्त्यानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती शाईनं लिहायचा, आणि मैदानावर काय घडलं ते पेन्सिलीनं. नावं शाईनं का, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, खेळ खोडता येतो, माणूस नाही.

ह्या उन्हाळ्यातल्या पानांवर समासात बारीक आकडे होते. लात्सीनं वळणारे चेंडू किती टाकले त्याचे. खांदा दुखायला लागला की आधी तेच कमी होतात. जूनमध्ये एका सामन्यात एकतीस. मग बावीस. मग नऊ. शेवटच्या सामन्यात चार. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी बापाला सगळं कळलेलं होतं.

मग मी शेवटचं पान उघडलं. तारीख होती. मार्लोचे नऊ खेळाडू शाईनं लिहिलेले होते, ब्रॅडीचं नाव सगळ्यांत खाली. पॉटर्सचे आठ होते. पिचरच्या ओळीत काही नव्हतं. इतक्या वर्षांत इमरे पानावर पहिलं नाव लिहायचा ते त्या ओळीतलं.

रविवारी नाश्ता झाल्यावर हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, की लात्सी टाकणार नाही. आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला त्याचा हात उठला नव्हता.

वही चुलीत टाकावी असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? म्हातारा किती दिवसांचा सोबती. पण खिडकीला पुठ्ठा ठोकणारा डेल एकवीस वर्षांचा होता. मी टोपी घातली आणि निघाले.

६

इमरेनं कॉफी ठेवली. दोन पेले काढले, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यातला एक निळा पेला परत फळीवर ठेवून दुसरा घेतला. लात्सीची खुर्ची खिडकीजवळ होती तशीच होती.

‘‘नाव मिळालं?’’ त्यानं विचारलं.

मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘लिहायला बसलो होतो,’’ तो म्हणाला. ‘‘शाईनं खोटं लिहिता येईना.’’

मग त्यानं सगळं सांगितलं, हळूहळू, कुणी दुसऱ्याची हकीकत सांगावी तसं. मुलगा पेला डाव्या हातानं उचलायला लागला तेव्हाच त्यानं ओळखलं होतं. आणखी एक सामना, आणि हात जन्माचा जाणार. बोलून उपयोग नव्हता. सत्तावीस साली त्याला त्याच्या बापानं हात जोडून सांगितलं होतं, आणि त्यानं ऐकलं नव्हतं. म्हणून मासहून येताना त्यानं पाकीट पाचेत्तीच्या दारात टाकलं, आणि घरी येऊन आपली रोजची झोपेची पुडी मुलाच्या कॉफीत घातली. संध्याकाळी मुलगा उठेल, आकांडतांडव करेल, महिनाभर बोलणार नाही. त्या एकशे साठ डॉलरांत दोघांची गाडीची तिकिटं आणि हाडांच्या मोठ्या डॉक्टरची फी भागणार होती.

‘‘पोशाख घालून झाला तेव्हा जांभया देत होता. मी म्हटलं, जरा टेक. मी मैदानावर पुढे जातो. एक बूट घालून होताच त्याचा डोळा लागला. त्याच्या अंगावरून हात फिरवावा असं वाटलं होतं, पण मनात म्हटलं, जागा होईल.’’

त्यानं वही आपल्याकडे ओढली.

‘‘मी त्याच्याविरुद्ध कधी एक पैसा लावला नाही, मिस व्हर्ना. ह्या वेळीही नाही. तो टाकणारच नव्हता. त्याचं नाव घालून मला ती चिठ्ठी लिहिता आली नसती.’’

‘‘मग माझ्याकडे का आलात, इमरे?’’

‘‘कारण एकच पुडी होती.’’ पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. ‘‘मी रोज रात्री तीच घेतो. मी मरतो का रोज? माझ्यानंतर कुणीतरी आलं असणार. कुणीतरी आणखी काही दिलं असणार. मला तो माणूस हवा होता.’’

त्याची ती आशा मला दिसली. सहा दिवस तो तिच्यावर जगला होता. मी त्याला एमेटनं दिलेल्या गोळ्यांचं सांगितलं. कधीपासून, कशासाठी आणि कुणापासून लपवून, तेही सांगितलं. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, की दोन्हींतलं कुठलंही एक असतं तर मुलगा उठला असता.

कॉफी उतू गेली. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

‘‘त्याला इतकं दुखत होतं,’’ इमरे म्हणाला, ‘‘आणि मला कळू नये म्हणून तो विष खात होता.’’

‘‘तुम्ही मोडून पडाल म्हणून.’’

‘‘मी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं. एकदा विचारायला हवं होतं. ह्याच टेबलावर रोज बसत होतो आम्ही.’’

मी त्याचा तो न उठणारा हात माझ्या हातात घेतला आणि आम्ही दोघंही रडलो. असं मी माझ्या बापाच्या मरणातही रडले नव्हते.

मग त्यानं डोळे पुसले आणि दौत पुढे ओढली. रिकाम्या ओळीत त्यानं लात्सीचं पूर्ण नाव लिहिलं, सगळ्या पानांवर होतं तसंच. मला वाटलं झालं. पण त्यानं पानाच्या तळाशी बोट नेलं. तिथे एक छोटी जागा असते, ‘हरलेला पिचर’ अशी. नियमानं तिथे डेलचं नाव यायचं. गावानं ते केव्हाच लिहून टाकलं होतं.

इमरेनं तिथे लिहिलं, ‘इमरे बोदनार’. शाई वाळेपर्यंत तो थांबला.

‘‘तुम्हाला नाव छापायचं होतं ना,’’ तो म्हणाला. ‘‘हे छापा. एमेटचं छापू नका. त्याला वाटलं, तो मित्राचं काम करतोय.’’

नेमके हेच शब्द एमेट माझ्यापाशी बोलला होता, आणि ते मी इमरेला सांगितले नव्हते.

त्यानं डाव्या हातानं टोपी घातली, वही काखेत घेतली आणि निळा पेला जागेवर आहे ना ते एकदा पाहिलं. शेरीफकडे जायचं का, मी विचारलं. तिकडे नंतर, तो म्हणाला, आधी डेलच्या आईकडे. खिडकीचं माप घ्यायला हवं, काच मी बसवून देईन.

डेलचं घर चढावर आहे. आम्ही सावकाश गेलो.